दाताची गावपळण

आचऱ्याची गावपळण आता महाराष्ट्राला ऐकून ठाऊक आहे. दर काही वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपड्या घालून राहतं आणि पुन्हा कौल घेऊन घरी परततं. घरं जागच्या जागी असतात, माणसं आली की चुली पेटतात आणि गाव सुरू होतं.

दाताचीही अशी गावपळण होते. समुद्रावरच्या क्रिकेटमध्ये बॅट तोंडावर बसते, कबड्डीत कोपर लागतं, शाळेतून येताना सायकल घसरते आणि समोरचा पटाशीचा दात मुळासकट हिरडीबाहेर येतो. परत जागेवर बसवला तर तोही नांदू शकतो. फक्त त्याला तीन दिवसांची मुभा नाही. १५ मिनिटांत परतला तर उत्तम. तासभर कोरडा राहिला तर घर तेवढं उभं राहतं, नांदणारं कोणी उरत नाही.

हे नांदणारं नेमकं कोण, ते रक्त कुठून आणतं, तुटलेलं कसं सांधतं, याच्या गोष्टी मोठ्या मजेच्या आहेत. त्यात नारळ आहे, दूध आहे, कोंबडा आहे आणि एक डोळाही आहे.

नस किती? चमचाभरसुद्धा नाही

दाताच्या आत जी मऊ मज्जा असते तिला आपण सरसकट ‘नस’ म्हणतो. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी असं सगळं असतं. मोठ्या माणसाच्या ३२ दातांमधली ही सगळी मज्जा एकत्र केली तर भरते ०.३८ घन सेंटिमीटर, म्हणजे अर्धा मिलिलिटरही नाही. रात्री दोन वाजता अख्खं घर जागं करणारी दाढदुखी एवढ्याशा ऐवजातून निघते.

या मज्जेला रक्त मिळतं ते मुळाच्या टोकाच्या बारीक भोकातून. दुसरी वाट जवळपास नाहीच. दात उखडला की ती वाहिनी तटकन तुटते आणि आतलं सगळं त्या क्षणी उपाशी पडतं. मोठ्या माणसाचा दात परत बसवला तरी एवढ्याशा भोकातून नवं रक्त आत शिरण्याची आशा धरत नाहीत. म्हणून त्याचं रूट कॅनल साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात.

आणि तरीही असा दात वर्षानुवर्षं टिकू शकतो. कारण तो टिकणार की नाही, हे आतली मज्जा ठरवत नाही. ते ठरतं बाहेर, मुळाच्या अंगावर.

तिसऱ्यांमधली वाळू कोणाला कळते?

दात जबड्याच्या हाडात भिंतीतल्या खिळ्यागत ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचं एक अस्तर असतं, जाडी ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर. दंतवैद्य त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. दात या धाग्यांवर टांगलेला असतो, म्हणून चावताना किंचित दबतो आणि परत येतो.

हे अस्तर केवळ गादी नाही, ते ज्ञानेंद्रियही आहे. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्क्यात वाळूचा एक कण राहिला तर सुगरणीचं काय होतं, हे मालवणी घरात सांगायला नको. तो कण जिभेच्या आधी दाताला कळतो. दोन दातांमध्ये २० मायक्रॉनच्या आसपास जाडीचं काही आलं तरी हे अस्तर खबर देतं, आणि माणसाचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. स्क्रूवर बसवलेल्या इम्प्लांटला हे अस्तर नसतं, त्यामुळे त्याला वाळू कळते ती बरीच उशिरा.

दात उखडतो तेव्हा हे अस्तर मधोमध फाटतं. अर्धं हाडाच्या खोबणीत राहतं, अर्धं मुळाला चिकटून बाहेर येतं. पडलेल्या दाताच्या मुळावर जे ओलसर, गुलाबी-पिवळसर काही दिसतं ती घाण नाही. त्या जिवंत पेशी आहेत. आणि आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते? कोणीतरी शहाणा तो दात नळाखाली धरून घासून चकचकीत करतो. उरल्यासुरल्या आशेवर पाणी पडतं ते असं.

दोन आठवड्यांची बांधणी

वेळेत परत बसवलेल्या दाताभोवती आधी रक्ताची गुठळी होते. मग फाटलेल्या दोन्ही काठांकडून नवे धागे आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्या एकमेकींकडे निघतात. आठवड्याभरात हिरडी दाताच्या मानेला पुन्हा चिकटू लागते. दोन आठवड्यांत हाडापासून मुळापर्यंत धाग्यांचे पूल उभे राहतात आणि अस्तराची बरीचशी ताकद परत येते. शरीर इतक्या झपाट्यानं काम करत असताना आपण काय करायचं? मऊ भात-पेज खायची, मऊ ब्रशनं दात स्वच्छ ठेवायचे आणि जिभेनं दात हलवून बघायचा नाही. शेवटचं सगळ्यात अवघड.

पूर्वी असा दात शेजारच्या दातांना गच्च बांधून ठेवत. आता सुमारे ०.४ मिलिमीटरपर्यंतची लवचीक तार लावतात आणि तीही साधारण दोनच आठवडे. दाताला थोडं हलू दिलं तर धागे नीट जुळतात. अगदी जखडून ठेवला तर हाड थेट मुळाला चिकटण्याचा धोका वाढतो.

रोज अर्धा मिलिमीटर

लहान मुलांची गोष्ट वेगळी, आणि इथेच खरी जादू आहे. पुढचा कायमचा दात सातव्या-आठव्या वर्षी येतो, पण त्याचं मूळ पुरं व्हायला पुढे आणखी तीनेक वर्षं लागतात. तोवर मुळाचं टोक उघडं, रुंद असतं. हा दात उखडला आणि वेळेत बसवला तर त्या रुंद तोंडातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरू शकतात. दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर, असा त्यांचा वेग सांगतात.

स्कोगलुंड आणि ट्रॉनस्टॅड यांनी १९७८ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांचे दात काढून परत बसवले आणि आतल्या वाहिन्यांचा माग काढला. चौथ्या दिवशी नव्या वाहिन्या आत येताना दिसल्या, दहाव्या दिवसाच्या सुमारास त्या निम्म्या वाटेवर होत्या, महिन्याभरात सगळी मज्जा रक्तानं भरली होती.

मुलांमध्ये हे दर वेळी जमत नाही. कोपनहेगनच्या आंद्रेआसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये परत बसवलेल्या ४०० दातांचा हिशोब मांडला. त्यातल्या मूळ अपुरं असलेल्या ९४ दातांपैकी ३२ दातांत, म्हणजे ३४ टक्क्यांत, रक्त परतलं होतं. तीनातला एक. स्वीडनमधल्या १९८६ च्या एका पाहणीत मुळाचं तोंड १ मिलिमीटरहून अरुंद असलेल्या दातांत रक्त एकदाही परतलं नव्हतं. पाऊण-एक मिलिमीटरच्या फरकावर एखाद्या दाताचं आयुष्य उभं असतं.

म्हणून मुलाच्या अशा दातात दंतवैद्य लगेच रूट कॅनल करत नाही. थांबतो, फोटो काढतो, पुन्हा बोलावतो. पालकांना वाटतं, डॉक्टर टाळाटाळ करतायत. ते रक्ताची वाट बघत असतात.

रक्त आधी, ‘आई गं’ नंतर

दात जिवंत आहे का हे बघायला दंतवैद्य त्यावर थंड काहीतरी लावतात. झिणझिणी आली तर जिवंत. पण परत बसवलेल्या दातात ही परीक्षा काही महिने फसते, कारण रक्तवाहिन्या आधी परततात आणि मज्जातंतू मागाहून. दात आतून रक्तानं भरलेला आणि तरी मुका, अशी मधली अवस्था असते. लेझर किरण पाडून आतलं वाहतं रक्त मोजणारं यंत्र निघालं आहे, पण ते आपल्या गावच्या दवाखान्यात शोधू नका.

आणखी एक उलटा प्रकार. मज्जा मेलेल्या कोवळ्या दातात दंतवैद्य हल्ली आधी जंतू मारतात आणि नंतर मुद्दाम सुई मुळापलीकडे नेऊन रक्त काढतात. मुळातली नळी रक्तानं भरली, ते गोठलं, की त्या गुठळीच्या आधारानं नव्या पेशी आत चढतात. आत तयार होतं ते बहुतेक वेळा पूर्वीच्या मज्जेसारखं नसतं, त्यात हाडासारखा आणि मुळावरच्या कवचासारखा भाग बराच असतो. पण मुळाची भिंत जाड होऊ शकते आणि दात उभा राहतो. रक्त थांबवण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसानं रक्त मुद्दाम काढावं, हे मला फार आवडतं.

कोंबड्याच्या तुऱ्यात दात

आचऱ्यात कोंबड्याचं नाव काढलं की पुढे वडे येतात. लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाच्या डोक्यात मात्र दात आले. अठराव्या शतकात त्यानं माणसाचा ताजा काढलेला दात जिवंत कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला. काही काळानं कोंबडा मारून त्याच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांत रंग भरला, तर तो रंग दाताच्या आतही पोहोचलेला होता! असे पुष्कळ प्रयत्न केले आणि जमलं ते एकदाच, हेही त्यानं लपवलं नाही. तो तुरा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आजही बरणीत आहे.

या यशानं तो हुरळला. गरीब पोरांचे निरोगी दात पैसे देऊन उपटायचे आणि श्रीमंतांच्या तोंडात बसवायचे, अशी फॅशन त्या काळच्या लंडनमध्ये बोकाळली, आणि हंटरचं नाव तिच्या पाठीशी होतं. टॉमस रोलंडसनच्या १७८७ च्या व्यंगचित्रात हा व्यवहार दिसतो. एकीकडे पोराचा दात निघतोय, दुसरीकडे बाईसाहेब बसल्या आहेत. दुसऱ्याचा दात तोंडात फार दिवस टिकत नसे, रोग मात्र त्याच्याबरोबर येई. रोगाच्या भीतीनं हंटरनं पुढे दात उकळून बसवायचा सल्लाही दिला. उकळलेल्या दातावरच्या पेशींचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

शहाळं की दूध?

आता आपल्या किनाऱ्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. दात हातात आहे, दंतवैद्य लांब आहे, तोवर तो ठेवायचा कशात?

प्रयोगशाळेचं उत्तर आहे हॅन्क्सचं द्रावण. जॉन हॅन्क्स हा कुष्ठरोगाचा संशोधक. त्यानं पेशी शरीराबाहेर जगवण्यासाठी क्षारांचं हे मिश्रण १९४० च्या दशकात केलं. दाताशी त्याचा काही संबंध नव्हता. ते आता पडलेल्या दातासाठी उत्तम पाण्यांपैकी एक समजलं जातं. पण आचऱ्याच्या तिठ्यावर ते कोण विकणार?

मग २००८ मध्ये चेन्नईच्या गोपीकृष्ण आणि सहकाऱ्यांनी चार पदार्थांची स्पर्धा लावली: हॅन्क्सचं द्रावण, दूध, मधमाश्यांचा प्रोपोलिस म्हणजे पोळ्यातला चिकट राळेसारखा पदार्थ, आणि नारळाचं पाणी. मुळावरच्या सर्वांत जास्त पेशी जिवंत राहिल्या त्या नारळाच्या पाण्यात! किनारपट्टीला याहून गोड बातमी कोणती? ज्या गावात दुकान बंद असेल पण माडावर शहाळं हमखास असेल, तिथे तर ही रामबाण सोय.

इतक्यात कोयता उचलू नका. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या प्रयोगात नारळाचं पाणी दुधाच्या मागे पडलं. कारण साधं आहे. नारळाचं पाणी आम्लधर्मी असतं आणि पेशींना ते मानवत नाही. दंत-अपघातांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये जे मार्गदर्शन छापलं, त्यात दूध, हॅन्क्सचं द्रावण, लाळ आणि सलाईन यांची नावं आहेत. शहाळ्याचं नाव नाही. माझं मत विचाराल तर शहाळं रुग्णाला पाजा आणि दात दुधात ठेवा.

दूधच का? त्याची आम्लता आणि क्षारांचं प्रमाण आपल्या पेशींना जवळपास मानवणारं असतं, त्यात जंतू कमी असतात आणि चहाच्या टपरीपासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत ते कोणाकडेही मिळतं. थंड असेल तर आणखी बरं. साधं पाणी वाईट, कारण ते पेशींत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. तरी कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरं. समुद्राचं पाणी उलट्या बाजूनं वाईट. सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ, समुद्रात सुमारे ३.५ टक्के, त्यामुळे पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन त्या आक्रसतात. दही आणि ताक आंबट, ते नको. सोलकढीचा तर विचारही नको. तिच्यात नारळाचं दूध असलं तरी कोकमही असतं, आणि ती जेवणानंतरच शोभते.

दाताचा डोळा

ही खरी गोष्ट आहे. काही माणसांचा डोळ्याचा पुढचा भाग इतका जळून-करपून जातो की नेत्रदानातून आलेलं बुबुळ तिथे टिकत नाही. रोमच्या बेनेडेत्तो स्ट्रांपेल्ली यांनी १९६० च्या दशकात यावर तोड काढली. रुग्णाचाच एक दात, बहुधा सुळा, भोवतीच्या हाडासकट काढायचा, त्याची चकती करायची, मधोमध भोक पाडून पारदर्शक नळी बसवायची. मग ती चकती थेट डोळ्यात लावायची नाही. आधी दोन-तीन महिने गालाच्या किंवा पापणीखालच्या कातडीत पुरून ठेवायची. तिथे तिच्याभोवती मांस आणि रक्तवाहिन्या वाढतात. रक्त मिळालेला तो दात नंतर डोळ्यात बसवला की त्या नळीतून उजेड आत जातो आणि माणसाला दिसू लागतं. आपल्याकडे चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ही शस्त्रक्रिया होते.

कौलावर फेकलेला ऐवज

दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा, ही आपली जुनी रीत. २००३ मध्ये अमेरिकेत सोंगताओ शी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पडलेल्या दुधाच्या दाताच्या मज्जेत मूळपेशी जिवंत असतात. ही कल्पना शी यांना सुचली ती स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलीचा हलता दात बघून. पुढे चीनमधल्या शीआन इथल्या डॉक्टरांनी, कायमच्या दाताला मार लागून मज्जा मेलेल्या मुलांच्या दुधाच्या दातातून या पेशी काढल्या, वाढवल्या आणि जखमी दातात भरल्या. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की वर्षभरात आत रक्तवाहिन्या आणि संवेदना असलेली नवी मज्जा तयार झाली होती. हे अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे, तेव्हा उद्यापासून कौलावर चढून शोध घेऊ नका.

मोरीला काय फिकीर?

बाजारात आलेल्या मोरी माशाचा जबडा बघा. पुढच्या रांगेमागे दुसरी रांग तयार, तिच्यामागे तिसरी. मोरी म्हणजे शार्कच, आणि शार्कच्या जातीला जन्मभर नवे दात येतात. तिचे दात हाडाच्या खोबणीत नसतात, कातडीतल्या तंतूंना धरलेले असतात, त्यामुळे गळले तरी तिला सुतक नाही. आपल्याला दोनच पाळ्या. तिसरी पाळी आणता येईल का, यासाठी जपानच्या कात्सू ताकाहाशी यांच्या गटानं एक औषध बनवलं असून, त्याची माणसांवरची पहिली सुरक्षा-चाचणी क्योटोमध्ये २०२४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत आहेत ते सांभाळा.

हाड दाताला गिळतं तेव्हा

उशीर झाला, अस्तर मेलं आणि तरी दात बसवला तर काय होतं? सुरुवातीला सगळे खूश. दात इतका घट्ट बसतो की शेजारच्यांहून मजबूत वाटतो. तीच वाईट खूण. मध्ये अस्तर नसल्यामुळे हाडाला मूळ आपलंच वाटतं, ते त्याला कुरतडून त्या जागी हाड भरू लागतं. टिचकी मारली तर आवाज वेगळा, टणत्कार. वाढत्या वयाच्या मुलाचा जबडा वाढतो पण हा दात जागचा हलत नाही, म्हणून बुटका दिसू लागतो. काही वर्षांत मूळ संपतं. तरीही दंतवैद्य पुष्कळदा उशिरा आलेला दातसुद्धा बसवतात, कारण तेवढी वर्षं हाडाची उंची टिकते आणि मूल हसताना तोंडावर हात धरत नाही.

आता कामाचं

मैदानात दात पडला की पहिली हाक कोणती यायला हवी? “मेल्या, दात खंय पडलो तो आधी बघ!” सापडला की वरचा पांढरा भाग धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधानं, सलाईननं किंवा मुलाच्याच लाळेनं हलकेच धुवा, घासू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथल्या तिथे खोबणीत बसवा, पुढची बाजू पुढे. मग स्वच्छ रुमाल दातांत धरायला द्या आणि निघा. बसवायचं धाडस नसेल तर दुधाच्या पेल्यात टाका. कागदात, रुमालात, खिशात नको. दुधाचा दात असेल तर परत बसवायचाच नाही, खाली येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. मूल बेशुद्ध असेल किंवा डोक्याला मार असेल तर दाताचा विचार नंतर, आधी दवाखाना. आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

आचऱ्याहून मालवण गाठायला अर्धा-पाऊण तास जातो, कणकवली त्याहून लांब. म्हणजे मुळावरच्या पेशींचा निम्माअधिक वेळ गाडीतच संपतो, आणि पहिली १५ मिनिटं डॉक्टरची नसून मैदानात उभ्या असलेल्या माणसाची असतात. शाळेचे शिक्षक, कबड्डीचे पंच आणि क्रिकेट मंडळांचे कार्यकर्ते यांना विनंती आहे: पुढची स्पर्धा भरवाल तेव्हा प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी दुधाची एक पिशवी ठेवा, आणि जवळच्या दंतवैद्याचा नंबर गुणफलकाच्या कोपऱ्यात खडूनं लिहा.